उंबरठ्यावर कुणाकुणाची नावं?

प्रश्न : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवत पितरांची नावं घेतो. वडील गेल्यावर लक्षात आलं की आजोबांच्या मागचं एकही नाव मला माहीत नाही. गावी थोडी शेती आहे. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : शेती आहे म्हणजे दोरा हातात आहे. सातबारावर मालकांच्या नावांजवळ वर्तुळात आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. त्यांतल्या सर्वांत जुन्या फेरफाराची (गाव नमुना ६) नक्कल तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात मागा. महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर तुमच्या गावाचे कागद चढवलेले असतील तर घरबसल्याही दिसतील. वारसाच्या फेरफारात ‘अमुक मयत, वारस मुलगे तमुक’ अशी नोंद सापडते. त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली ते आणखी जुन्या फेरफारात पाहायचं. सातबाराच्या आधीच्या काळासाठी कडईपत्रक मागा.

गाडी बहुतेकांची गट क्रमांकाशी अडते. १९४७च्या एकत्रीकरण कायद्याखाली जमिनींचे गट पडले आणि जुने सर्व्हे नंबर बदलले. आजचा गट सांगून १९३०चा कागद मागितला तर दुसऱ्याच कुणाचं घराणं हाती येतं. म्हणून आधी तालुका भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे नऊ-तीन आणि नऊ-चारचे उतारे घ्या, त्यांत जुना-नवा मेळ मिळतो. गाव हतनूर किंवा उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलं असेल तर अर्जात जुन्या गावाचं नाव लिहा. जुन्या कागदांच्या माथ्यावर पूर्व किंवा पश्चिम खान्देश दिसेल. १९०६ साली जिल्ह्याचे हे दोन भाग झाले. आजचा जळगाव म्हणजे पूर्व. धुळे आणि १९९८ साली त्यातून निघालेला नंदुरबार म्हणजे पश्चिम.

वाचताना : ‘नामा वल्द तुका’ किंवा ‘नामा बिन तुका’ म्हणजे तुकाचा मुलगा नामा. ‘कोम’ म्हणजे बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, बहुधा थोरला भाऊ. तो एकटाच मालक समजून धाकट्या भावांच्या शाखा सोडून देऊ नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वडील गेले तेव्हा मूल सज्ञान नव्हतं.

फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख धरू नका, वारसनोंद पुष्कळदा कित्येक वर्षांनी लागते. मृत्यूसाठी कोतवाल बुक (गाव नमुना १४) पाहा. अर्जात पाच-सात वर्षांचा टप्पा द्या, नुसतं ‘जुनी नोंद’ लिहिलं तर शोध होत नाही. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतंच बऱ्याचदा, ‘अमक्यास मुलगा’ एवढंच असतं. तेव्हा बापाच्या नावानं शोधा. शाळेच्या जनरल रजिस्टरातली १ जून ही जन्मतारीख खरी मानू नका, ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

आणि आडनाव! आपल्याकडे ‘पाटील’ हा वतनाचा हुद्दा आडनाव होऊन बसला. जुन्या नोंदीत तेच घर बोरसे, देवरे, सोनवणे अशा मूळ आडनावानं असू शकतं. कूळ आणि देवक घरातल्या थोरांना आधी विचारून घ्या.

प्रश्न : पुरुषांची सहा पिढ्यांची नावं मिळाली, पण आज्या-पणज्यांची एकही नाही. त्यांच्या नावाचं बोट उमटवायचं नाही का? — वाचक भगिनी, शहादा

उत्तर : उमटवायचंच, आणि त्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारसनोंदींत मुली सहसा नाहीत, विधवा असली तर ‘कोम’ लावून येते. १९५६नंतर मुली वारस म्हणून दिसू लागतात, हक्कसोड पत्रांतही त्यांची नावं सापडतात. म्हणून पणजीच्या माहेरच्या गावचे, तिच्या भावांच्या जमिनीचे फेरफार काढा.

कागदाआधी माणसं गाठा. आखाजीला लेकी माहेरी येतात. माहेरच्या घराण्याची सर्वांत पक्की माहिती आत्याला असते. सासरच्या आजीला तिच्या सासऱ्याचं नाव विचारू नका, ती ते उच्चारणार नाही. तिच्या लेकीला विचारा. अहिराणीत बोलू द्या, मध्ये प्रमाण मराठी करू नका, टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही टिपा. सासरी नाव बदललं असेल तर माहेरचंही लिहा. ‘कधी’ विचारण्याऐवजी ‘मानमोडीच्या साथीआधी की नंतर’ असं विचारा. १९१८ची ती साथ घराघरांत लक्षात राहिली.

प्रश्न : भाटाच्या (वंशावळ लिहून ठेवणाऱ्याच्या) वहीत संवत, घरच्या मोडी कागदात शके आणि फसली (महसुली साल). मेळ कसा घालायचा? — एक वाचक, पारोळा

उत्तर : शकेत ७८ मिळवा, फसलीत ५९०, संवतातून ५७ वजा करा (वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६). संवत १९५६ म्हणजे १८९९-१९००, छप्पनच्या दुष्काळाचं साल. शके १८२२ आणि फसली १३१० म्हणजे १९००. भाटाच्या वहीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या त्यानं किंवा त्याच्या वाडवडिलांनी घरी येऊन लिहिलेल्या असतात, त्या धरून चाला. वर थेट एखाद्या राजघराण्याला नेऊन जोडलेला भाग दुसरा पुरावा मिळेपर्यंत वेगळा ठेवा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर मूळ गाव, जात आणि जुनं आडनाव सांगा. ‘पाटील, जळगाव’ एवढ्यावर वही उघडत नाही. मोडी कागद चिकटपट्टीनं जोडू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उन्हाच्या झोताविना, सपाट ठेवून फोटो घ्या आणि वाचणाऱ्याला फोटोच द्या. जुन्या कागदांचं मोल काय असतं ते पाहायचं असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन या.

प्रश्न : सासूबाई गेल्यानंतर आखाजीला त्यांच्या नावानं भरायची ही पहिली घागर. गेल्या वर्षी शेजाऱ्यांकडे सकाळी भरलेली घागर दुपारी अर्धी झाली, वर ठेवलेली सांजोरी (नैवेद्याचा गोड पदार्थ) हीही भिजली. काय चुकलं? — वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : कोरं मडकं पाणी पितं. घागर आधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, आदल्या संध्याकाळी भरून परातीत ठेवा. तळाशी थेंब धरत असेल तर रात्रीच कळेल आणि कुंभाराकडून बदलून आणता येईल. सकाळी पाणी पुन्हा काठोकाठ करा. घागरीवर ठेवायच्या लहान मडक्यावर आधी कोरडी वाटी पालथी घाला, मग सांजोरी आणि आंबा. खरबूज जड असतं, ते वर न ठेवता शेजारी ठेवा. आगारीचा (पितरांना नैवेद्य अर्पण करायचा) निखारा घागरीपासून हातभर दूर असू द्या, ओलं मडकं आचेनं तडकतं. नैवेद्याचे पदार्थ घरागणिक वेगळे असतात. सासूबाई जे करत तेच करा, आणि त्यांचं माहेरचं नावही घ्या.