ऑइल प्रेशर सेन्सर बदलला, तरी दिवा लागतोच

प्रश्न : माझ्या कारच्या डॅशबोर्डवर इंजिन ऑइलच्या दाबाचा दिवा मधूनमधून लागतो. स्कॅनरवर ‘पी ०५२२’ हा कोड आला, म्हणून मेकॅनिकने ऑइल प्रेशर सेन्सर बदलला. काही दिवस बरे गेले. आता खडबडीत रस्त्यावर दिवा पुन्हा लागतो आणि कोडही तोच येतो. ऑइलची पातळी योग्य आहे. नवा सेन्सरच सदोष निघाला असे समजावे का?

उत्तर : तसे समजण्याची घाई करू नये. या कोडचा अर्थ एवढाच, की ऑइल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूला (इंजिनचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज मिळत आहे. दोष सेन्सरमध्ये आहे, तारेत आहे, कनेक्टरच्या पिनेत आहे की ईसीयूमध्ये, हे तो कोड सांगत नाही. कोड वाचून थेट सेन्सर बदलण्याची पद्धत फार रूढ झाली आहे आणि तिच्यामुळे अनेकांचा नाहक खर्च होतो.

तरीही सर्किटकडे वळण्याआधी ऑइलचा दाब खरोखरच कमी नाही ना, याची खात्री झालीच पाहिजे. पातळी योग्य असली तरी पंप झिजल्यामुळे किंवा ऑइल पातळ झाल्यामुळे दाब कमी असू शकतो, आणि अशा स्थितीत इंजिन चालवत राहिल्यास बेअरिंग अल्पावधीत निकामी होतात. सेन्सर काढून त्याच जागी यांत्रिक प्रेशर गेज बसवावा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्यावे आणि आयडलिंगला व वाढीव आरपीएमला मिळालेले आकडे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्यांशी ताडून पाहावेत. दाब पुरेसा असेल, तरच पुढची तपासणी अर्थपूर्ण ठरते.

आपल्या गाडीत तीन तारांचा सेन्सर आहे असे गृहीत धरतो. एका तारेने ईसीयू सेन्सरला ५ व्होल्ट पुरवतो, दुसरी अर्थची (अर्थिंगची) असते आणि तिसरी सिग्नलची. बहुतेक सेन्सरमध्ये दाब शून्य असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट असतो आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्टच्या आसपास जातो. दोन्ही टोकांना मुद्दाम जागा सोडलेली असते, ती अशासाठी की ०.५ च्या बरेच खाली किंवा ४.५ च्या बरेच वर गेलेले व्होल्टेज म्हणजे दाब नव्हे, तर बिघाड, हे ईसीयूला ओळखता यावे.

इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवून कनेक्टर काढावा व ५ व्होल्टच्या तारेवर मल्टीमीटरने मोजमाप घ्यावे. तेथे ५ व्होल्ट मिळत नसतील, तर तीच तार आणखी कोणत्या सेन्सरना जाते हे वायरिंगच्या नकाशात पाहावे. अनेक गाड्यांत हा पुरवठा सामाईक असतो आणि भलत्याच सेन्सरमधील शॉर्टमुळे तो खाली ओढला जातो. पुरवठा ठीक असेल, तर फ्यूज असलेली जोडतार घेऊन सिग्नलची पिन ५ व्होल्टच्या पिनेला जोडावी आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे ईसीयूला त्या क्षणी मिळत असलेला सेन्सरचा आकडा, पाहावा. आकडा वर चढला, तर सिग्नलची तार आणि ईसीयू निदान त्या क्षणी तरी ठीक आहेत. तो शून्याजवळच राहिला, तर तार तुटलेली आहे किंवा ईसीयूत दोष आहे. तार अर्थला शॉर्ट झाली असेल, तर जोडतारेचा फ्यूज जाईल किंवा ५ व्होल्टचाच पुरवठा कोसळेल. बॅटरीचे १२ व्होल्ट या पिनांना चुकूनही देऊ नयेत. ईसीयू कायमचा निकामी होऊ शकतो.

अर्थची तपासणी मात्र कनेक्टर जोडलेला ठेवूनच करावी. कनेक्टर काढला की त्या तारेतून प्रवाह वाहत नाही आणि गंजलेला जोडही निर्दोष भासतो. त्याच कारणाने केवळ ओहममध्ये मोजलेल्या रोधावर विसंबू नये, कारण एकाच धाग्यावर तगलेली तारही मीटरला अखंड वाटते. सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीची ऋण पिन यांमधील व्होल्टेज ०.१ पेक्षा जास्त भरले, तर त्या मार्गात कोठेतरी जोड खराब आहे. पिनेपर्यंत पोहोचताना तारेचे आवरण टोचू नये; त्या छिद्रातून पाणी शिरते आणि पुढे तार गंजते.

आपल्या वर्णनातील खडबडीत रस्त्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोष धक्क्यासरशी प्रकट होत असेल, तर सैल पिन किंवा इंजिनच्या कडेला घासून सोललेली तार हे पहिले संशयित होत. इंजिन चालू ठेवून लाइव्ह डेटावर नजर ठेवावी आणि पंखा, बेल्ट व गरम भागांपासून हात दूर ठेवून वायरिंगचा पट्टा सेन्सरपासून ईसीयूच्या दिशेने वीतवीतभर हलवत जावे. आकडा जेथे एकदम पडेल, तेथेच आवरण उघडून पाहावे. कनेक्टरमध्ये ऑइल आढळल्यास ते सेन्सरच्या आतून झिरपलेले असू शकते, तेव्हा ते पुसून काही काळाने पुन्हा पाहावे. सेन्सर बदलल्यावर थोडे दिवस गाडी नीट चालली, याचेही कारण बहुधा कनेक्टर काढून घालताना पिनांचा संपर्क तात्पुरता सुधारला, हेच असावे.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीत एकाच तारेचा सेन्सर आहे. त्यालाही हीच रीत लागू पडते का?

उत्तर : नाही. तो बहुधा साधा प्रेशर स्विच असतो. दाब नसताना तो तारेला अर्थ देऊन दिवा लावतो आणि दाब आला की सर्किट तोडतो. इग्निशन चालू ठेवून तार काढावी : दिवा विझला पाहिजे. तीच तार इंजिनच्या धातूला टेकवावी : दिवा लागला पाहिजे. तार काढूनही दिवा जळत राहिला, तर ती वाटेत कोठेतरी बॉडीला टेकली आहे. दोन्ही चाचण्या बरोबर आल्या आणि इंजिन सुरू असताना दिवा तरीही लागला, तर इंजिन लगेच बंद करून प्रथम गेजने खरा दाब मोजावा. तो योग्य भरला तरच स्विच बदलावा.