‘कझिन’ म्हणजे नेमकं कोण?

ताई, तुमच्या मुलीने निबंधात ‘माय कझिन ब्रदर’ लिहिलं, बाईंनी त्यातलं ‘ब्रदर’ खोडलं, आणि आता ती विचारतेय की मग तो मुलगा आहे हे कळणार कसं. प्रश्न रास्त आहे. गेली पंचवीस वर्षं मी कागदपत्रांची मराठी-इंग्रजी भाषांतरं करतेय, आणि या एका साध्या शब्दापाशी मी जितक्या वेळा अडले तितकी कायद्याच्या अवघड शब्दांपाशीही अडले नाही.

बाईंचं बरोबर आहे. इंग्रजीत कझिन हा शब्द मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो. पुढच्या वाक्यात ‘ही’ किंवा ‘शी’ आलं, किंवा नाव आलं, की उलगडा होतो. तेवढाही धीर नसेल तर ‘मेल कझिन’ म्हणतात. उच्चार ‘कझन’च्या जवळचा, मधला झ ‘झाडा’तला.

पण मुलीला रागावू नका. आपल्या चारही शब्दांत, चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, शेवटी ‘भाऊ’ आहेच. भाऊबीजेला त्याच पाटावर बसणाऱ्याला ओवाळल्यावर त्याचं ‘भाऊ’पण गाळून बोलायला जीभ धजत नाही. म्हणून ‘कझिन ब्रदर’ भारतभर रूढ झालं. आपसात बोलताना खुशाल म्हणावं. परीक्षेच्या पेपरात आणि परदेशी पत्रात मात्र नुसतं ‘कझिन’.

उलटी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे कझिनला ‘ब्रदर’ लिहिणं. माझ्या आतेभावाने एका परदेशी अर्जात मला प्रेमाने ‘सिस्टर’ लिहिलं. दोघांच्या आईवडिलांची नावं वेगळी, त्यामुळे खुलासा मागितला गेला आणि त्याचं जाणं दोन महिने लांबलं. कागदावर ब्रदर-सिस्टर म्हणजे सख्खी किंवा सावत्र भावंडं, बाकी कोणी नाही. आपल्या आयकर कायद्यातही नातेवाइकांच्या यादीत काका, मामा, आत्या, मावशी आहेत, त्यांची मुलं नाहीत. त्यामुळे वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर भेटी मिळाल्या तर सख्ख्या भावाने दिलेल्या रकमेवर कर नसतो, चुलतभावाने दिलेली मात्र, लग्नातला आहेर वगळता, करपात्र ठरते.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. कझिन हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधल्या ‘कोन्सोब्रिनुस’वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ होता बहिणीबहिणींची मुलं. म्हणजे चक्क मावसभावंडं! त्याच्या पोटात लॅटिनचा ‘सोरोर’ म्हणजे बहीण आहे, आणि तो आपल्या संस्कृत ‘स्वसृ’चा सख्खा. मातृष्वसा झिजून आपली मावशी झाली, तिच्यातही तोच ‘स्वसृ’. कझिन आणि मावशी या दोन शब्दांत एकच बहीण बसली आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तसंच ‘अंकल’ ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ मामा, आणि ‘आँट’ ज्यावरून आला त्याचा आत्या. जुन्या इंग्रजीतही काका आणि मामा यांना वेगळे शब्द होते. १०६६ नंतर, फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांबरोबर फ्रेंच शब्द आले, आणि हळूहळू ते भेद पुसले गेले.

भेद पुसल्याने काय हरवतं ते पाहायचं तर पहिल्या महायुद्धाचे तीन राजे घ्या. इंग्रजी पुस्तकांत ब्रिटनचा पाचवा जॉर्ज, जर्मनीचा कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस सरसकट ‘कझिन्स’ म्हणून येतात. मराठीत सांगायचं तर निकोलस हा जॉर्जचा मावसभाऊ, कारण दोघांच्या आया सख्ख्या बहिणी. विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. जॉर्जचे वडील आणि विल्हेल्मची आई ही राणी व्हिक्टोरियाची मुलं. आणि निकोलसची बायको ही विल्हेल्मची मावसबहीण. १९१४ साली कोण कोणाविरुद्ध उभं राहिलं, त्यातली घरगुती बाजू आपल्या शब्दांत लगेच दिसते.

इंग्रजी बाजू मोजते ती पिढी. आजी-आजोबा एक असतील तर फर्स्ट कझिन, पणजोबा एक असतील तर सेकंड, खापरपणजोबा एक असतील तर थर्ड. राणी दुसरी एलिझाबेथ आणि प्रिन्स फिलिप व्हिक्टोरियाच्या नात्याने थर्ड कझिन होते. ‘वन्स रिमूव्ह्ड’ म्हणजे नातं तुटलेलं नव्हे, एका पिढीचं अंतर. तुमच्या वडिलांचा चुलतभाऊ, ज्याला तुम्ही काकाच म्हणता, तो तुमचा ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’. रोजच्या बोलण्यात इंग्रजही हे फारसं वापरत नाहीत, पण वंशावळ लिहायची असेल तर लागतंच.

लग्नाच्या कागदांत मी ‘कझिन’ एकटा कधीच ठेवत नाही. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न पिढ्यानपिढ्या होत आलंय, पण चुलत किंवा मावस बहीण सख्खीसारखीच. तिथे नुसतं ‘कझिन’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही, निषिद्ध नाती सांगताना, भाऊ-बहिणीची मुलं, दोन भावांची मुलं, दोन बहिणींची मुलं असं फोडूनच लिहिलंय, आणि रूढी असेल तर सूट ठेवली आहे. मीही तसंच ‘मदर्स ब्रदर्स डॉटर’ असं पूर्ण लिहिते. लांबतं, पण नातं शाबूत राहतं.



तेव्हा तुमच्या मुलीला सांगा, पहिल्या वाक्यात ‘माय कझिन’ लिहून लगेच त्याचं नाव लिही, आणि दुसरं वाक्य ‘ही’ने सुरू कर. तो मामाचा मुलगा आहे हे सांगावंसं वाटलं तर ‘माय मदर्स ब्रदर इज हिज फादर’ हे तिसरं वाक्य. आणि घरी तिने त्याला दादाच म्हणावं.