'लाइव्ह ॲट लीड्स'ची तडतड: रेकॉर्ड खराब आहे का?

तुमचा प्रश्न असा: 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडची 'लाइव्ह ॲट लीड्स' ही जुनी एलपी रेकॉर्ड घेतली, कव्हर साधं खाकी, त्यावर नुसता रबरी शिक्का, आणि वाजवताना मध्येच तडतड होते. नकली माल गळ्यात पडला का?

एवढ्यावरून तरी नाही. ज्या दोन गोष्टींनी तुम्ही धास्तावलात, त्या दोन्ही १९७० साली निघालेल्या मूळ रेकॉर्डमध्येच आहेत. त्या काळी मैफिलींची चोरून केलेली रेकॉर्डिंग्ज अशाच कोऱ्या, शिक्का मारलेल्या कव्हरांत विकली जायची. 'हू'ने मुद्दाम तेच रूप घेतलं. आता रेकॉर्डच्या मधल्या लेबलवरचं हस्ताक्षर वाचा. तडतड चालेल, दुरुस्त करू नका, अशी सूचनाच तिथे इंग्रजीत लिहिलेली आहे. ती तडतड मूळ टेपमधली आहे. 'शेकिन ऑल ओव्हर' या गाण्यात ती चांगलीच जाणवते. १९९५च्या सीडीत ती डिजिटल तंत्राने काढून टाकली.

तरी तुमच्या प्रतीवर वेगळे चरे असू शकतात. ते ओळखायला घड्याळ पुरे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. टक्‌ टक्‌ बरोबर त्या अंतराने येत असेल तर तो चरा. कुठेही, कशीही बारीक चुरचुर असेल तर बहुधा धूळ किंवा पावसाळ्यातली बुरशी. ती धुतल्यावर बरीच कमी होते. लेबल मात्र ओलं होऊ देऊ नका.

कव्हरच्या आतल्या खिशांत कागद आहेत का, तेही पाहा. मूळ प्रतीसोबत लंडनच्या मार्की क्लबचं पोस्टर, १९६९च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या कराराची नक्कल असे बारा नग येत. जुन्या प्रतींतून ते बहुतेक वेळा गहाळ झालेले असतात. ते नसले तर किंमत कमी होते, पण तेवढ्याने रेकॉर्ड खोटी ठरत नाही.

ही रेकॉर्ड झाली कशी, तेही सांगतो, कारण मला ती फार प्रिय आहे. लाइव्ह रेकॉर्डसाठी केलेल्या आधीच्या अमेरिका दौऱ्याच्या टेपांचा ढीग ऐकत बसणं नको म्हणून बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंडने त्या जाळायला लावल्या. मग १४ फेब्रुवारी १९७०ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मेसमध्येच, कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्याच हल शहरातही केला, पण तिथे सुरुवातीच्या गाण्यांत बास गिटारच टेपवर उतरली नाही. म्हणून लीड्स. लीड्सच्या त्या रात्री 'टॉमी' हा त्यांचा रॉक ऑपेरा जवळजवळ सगळा वाजला होता, पण एलपीत गाणी सहाच. पूर्ण मैफल हवी असेल तर नंतरच्या विस्तारित आवृत्त्या घ्या. मी मात्र ही सहा गाण्यांचीच जास्त ऐकतो. यात कुठे दम घ्यायला जागा नाही.

चरे नाहीत ना हे पाहून झालं की दुसरी बाजू लावा. 'माय जनरेशन' इथे चौदा मिनिटांहून जास्त चालतं. बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवा आणि जॉन एंटविसलचा बास ऐका. मग उजवीकडे फिरवा; तिकडे टाउनशेंडची गिटार आहे. मधोमध कीथ मूनचे ड्रम्स. शेवटी बटण परत मध्यावर आणा आणि आवाज वाढवा.