हॉक्स प्रथिनांची लक्ष्यं शोधताय?
हॉक्स प्रथिनं डीएनएला चिकटून जनुकं चालू-बंद करतात. ती चिकटतात तो चार अक्षरांचा क्रम, टीएएटी, नुसता फळमाशीच्या जनुकसंचात शोधलास तर लाखो जागा सापडतील. बहुतेक ठिकाणी काहीच घडत नसतं, शिवाय सगळी हॉक्स प्रथिनं जवळपास सारख्याच अक्षरांना चिकटतात. आधी जोडीदार बघ: एक्स्ट्राडेंटिकल हे साथीदार प्रथिन सोबत असलं की प्रत्येकाची निवड वेगळी होते. क्रोमॅटिन (प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) त्या पेशीत, त्या वेळी उघडं आहे ना, तेही तपास.

आणि कमकुवत जागा, म्हणजे जिथे प्रथिन सैलच चिकटतं त्या, गाळू नकोस, हे कळकळीनं सांगतो. शेवनबेबी जनुकाच्या एन्हान्सरवर (जनुक कुठे, कधी चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) अल्ट्राबायथोरॅक्स हे हॉक्स प्रथिन अशाच जागांच्या झुबक्यावर बसतं. त्या मजबूत केल्यावर इतर हॉक्स प्रथिनंही तो एन्हान्सर चालू करू लागली. २०१५ साली प्रसिद्ध झालेलं हे काम मुळातून वाच. चिप-सेकमध्ये (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते दाखवणारी चाचणी) शिखर दिसलं तरी त्या जागेची अक्षरं बदलून रिपोर्टर (एन्हान्सर चालू आहे का ते दाखवणारं खुणेचं जनुक) बघेपर्यंत तिला लक्ष्य म्हणू नकोस.