वॉर्डात नवीन आहेस? मग फोन असा पूस

अगं, वॉर्डात वापरायचा फोन कसा पुसायचा, हा प्रश्न तुला ड्युटीला लागल्या लागल्या पडला, याचं मला खरंच कौतुक वाटतं. आपण दिवसभर हात धुतो, त्याच हातांनी न पुसलेला फोन उचलतो आणि तसेच पुन्हा पेशंटकडे जातो.

सध्या एवढंच धर:

– ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप्स घे. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं, हा गैरसमज आहे. त्यात पाणी जवळजवळ नसतं, ते झटकन उडून जातं आणि जंतूंवर नीट काम करत नाही.
– फोन बंद कर, कव्हर काढ, दोन्ही वेगवेगळे पूस. बटणांच्या कडा विसरू नकोस.
– नंतर हात स्वच्छ कर.

नव्या मुली सगळ्यात जास्त चुकतात ते घाईत. वाइपच्या पाकिटावर जेवढा वेळ लिहिलाय तेवढा वेळ फोन ओला राहिलाच पाहिजे. लगेच कोरडा केलास तर जंतू मरायला वेळच मिळत नाही. फोनवर थेट स्प्रे नको, ब्लीच तर नकोच. आणि ग्लोव्हज घालून फोन उचलायची सवय लागूच देऊ नकोस.

शिफ्ट सुरू होताना, जेवणाआधी आणि घरी निघताना पुसलास तरी सुरुवात छान झाली. अतिनील प्रकाशाने फोनवरचे जंतू मारणाऱ्या यूव्ही पेट्यांचं नंतर बघू.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब करणाऱ्या जंतूचा पेशंट असेल तर मात्र फोन खोलीबाहेरच ठेव. या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलने मरत नाहीत.