तांबडा आधी की तांबे?

प्रश्न असा आहे: ‘तांबडा’ हा रंग ‘तांबे’ या धातूवरून आला का? आणि तांब्या जर तांब्याचा म्हणून तांब्या, तर स्टीलच्या भांड्यालाही तेच नाव कसं?

पहिल्या प्रश्नाला पटकन ‘हो’ म्हणावंसं वाटतं. दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत ‘ताम्र’. त्याचं प्राकृतात ‘तंब’ झालं, मराठीत तांबे (बोलण्यात तांबं). आणि त्याच ‘तंब’ला ‘डा’ लागून तांबडा. हा ‘ब’ कुठून आला, ते स्वतःच ‘ताम्र’ म्हणून पाहा. ‘म’ला मिटलेले ओठ ‘र’साठी उघडताना मध्ये ‘ब’ निसटतोच. आम्रचा आंबा झाला तो याच वाटेने.

पण खुद्द ‘ताम्र’चा आधीचा अर्थ काय? रंग. यजुर्वेदातल्या रुद्र या स्तोत्रातली ओळ अनेकांच्या कानावरून गेली असेल: ‘असौ यस्ताम्रो अरुण उत बभ्रुः सुमङ्गलः’. इथे धातूचा काही संबंध नाही. तो जो तांबडा, अरुण, पिंगट दिसतो, असं उगवत्या सूर्याच्या रूपातल्या रुद्राचं ते वर्णन आहे. आपण पहाटे ‘तांबडं फुटलं’ म्हणतो, तेव्हा हा शब्द त्याच आकाशाखाली उभा असतो. धातूचं नाव म्हणून ‘ताम्र’ नंतरच्या ग्रंथांत दिसतो.

मग त्या काळी तांब्याला काय म्हणत? रुद्रापाठोपाठ ‘चमक’ हा पाठ म्हणतात, त्यात धातू ओळीने येतात: हिरण्य, अयस्, सीस, त्रपु, श्याम, लोह. यातलं ‘श्याम’ म्हणजे काळा धातू, लोखंड. आणि ‘लोह’ म्हणजे तांबं, असा अर्थ सहसा लावला जातो. ‘लोह’ हा ‘लोहित’चा, म्हणजे लालचा, सोयरा. पुढे तो सरकत सरकत लोखंडाकडे गेला. म्हणजे या धातूचं दोनदा बारसं झालं आणि दोन्ही वेळा रंग पाहूनच. रोमन लोकांना तांबं सायप्रस बेटावरून मिळे, म्हणून त्यांनी बेटाच्या नावावरून ‘क्युप्रम’ म्हटलं. आपल्याकडच्या नावात मात्र डोळ्यांना दिसलेलं उतरलं, आणि मला ते फार आवडतं.

दिसण्यासारखं होतंच. बहुतेक धातू रुपेरी किंवा करडे. रोजच्या व्यवहारात रंग असलेले शुद्ध धातू दोनच, सोनं आणि तांबं. तांबं प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषून घेतं आणि लालसर भाग परतवतं. आजी काळवंडलेल्या तांब्याला चिंचेचा कोळ चोळायची. चिंचेतल्या आम्लाने वरचा थर सुटायचा आणि बोटांमागून लालसर गुलाबी पट्टा उघडत जायचा. तो ओला पट्टा म्हणजे ‘ताम्र’.

आता स्टीलचा तांब्या. नाव पडलं धातूवरून, पण रुळलं आकारावर: गोल पोट, आवळलेला गळा, बाहेर वळलेला काठ. त्यामुळे पितळेचा तांब्या, चांदीचा तांब्या, स्टीलचा तांब्या, काहीच खटकत नाही. गंमत व्याकरणाची आहे. ‘तांबे’चं सामान्यरूप ‘तांब्या-’, आणि भांड्याचं अनेकवचन ‘तांबे’. म्हणून ‘तांब्याचे चार तांबे’ हे बिनचूक मराठी आहे.

याच घराण्यातले तांबूस, गव्हावरचा तांबेरा, आणि तांबट. तांबं ठोकणारा तो तांबट. संस्कृतात ‘ताम्रकुट्ट’ आहेच. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके पाडण्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी मऊ तांबं कडक होतं. आणि तसाच ‘टुक टुक’ ठोका देणाऱ्या हिरव्या पक्ष्यालाही आपण तांबटच म्हणतो.

एक शब्द मात्र तांब्यापितळेसोबत मागे पडतोय, तो कळकणे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहिलं की आम्लात तांबं उतरतं, हिरवट कळक येतो आणि ताक कळकतं. स्टीलमध्ये ताक आंबेल, नासेल, पण कळकणार नाही. ‘आंबट झालं’ म्हणून ती चव सांगता येत नाही. ती जिभेला चरचरते आणि घशात धातूसारखी रेंगाळते. त्या चवीला मराठीत दुसरा शब्द नाही.