शिळावर्तुळे, गावाचे नाव आणि कोरीव लेख: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या गावालगतच्या वावरांत दगडांची मोठमोठी वर्तुळे आहेत. गावाचे नाव मूळ गोंडी असल्याचे जुनी माणसे सांगतात. त्यावरून ही वर्तुळे गोंड राजांच्या काळातली आहेत, असे शाळेच्या स्मरणिकेत छापण्याचे घाटत आहे. ते योग्य होईल का? उत्खनन, कोरीव लेख आणि भाषा यांची सांगड घालून गावाचा इतिहास लिहायचा, तर कसा लिहावा?
— एक शिक्षक, कुही तालुका

उत्तर: स्मरणिका अजून छापखान्यात गेली नसेल, तर ते वाक्य काढून टाकावे. नागपूरजवळचे जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा या ठिकाणची शिळावर्तुळे ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोकांची दफने आहेत. तुमच्या वावरातली त्याच धाटणीची असतील, तर देवगड आणि चांद्याची (चंद्रपूरची) गोंड राज्ये त्यानंतर कित्येक शतकांनी उदयाला आली. या लोकांना लोखंड गाळता येत होते, हे नाईकुंडला सापडलेल्या भट्टीवरून कळते. पण त्यांनी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. त्यामुळे ते गोंडीची पूर्वज असलेली एखादी भाषा बोलत होते असे म्हणता येत नाही आणि बोलत नव्हते असेही म्हणता येत नाही. खापरांवरून भाषा ओळखता येत नाही आणि गावाचे नाव त्या गावात नंतर येऊन वसलेल्या लोकांनीही ठेवलेले असू शकते.

तिन्ही साधने एकाच ठिकाणी कशी भेटतात, हे पाहायचे असेल तर नागभीडजवळच्या देवटेकची शिळा पाहावी. ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहे. या एकाच दगडावर दोन लेख आहेत. जुना लेख अशोककालीन वळणाच्या ब्राह्मीत आणि प्राकृतात असून तो प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करतो, तर नंतरचा लेख विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्यातील राजा पहिला रुद्रसेन याचा आणि संस्कृतात आहे. दोहोंमध्ये सुमारे सहाशे वर्षांचे अंतर आहे, आणि चिक्कंबुरी नावाच्या गावाचा उल्लेख मात्र दोन्हींत येतो. कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी हे गाव म्हणजे जवळचेच चिकमारा, असे मांडले. लेखाची भाषा बदलली, राजवट बदलली, तरी गावाचे नाव टिकून राहिले, ही गोष्ट मला कोणत्याही वंशावळीपेक्षा मोलाची वाटते. कानडीत ‘चिक्क’ म्हणजे लहान, म्हणून हे नाव कानडी, अशी उडी मारण्याचा मोह येथे होतो. परंतु एका शब्दाच्या साम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. ध्वनी नियमाने बदलत गेल्याचे दिसले पाहिजे. अचलपूरजवळच्या चमक गावी सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात त्या गावाचे नाव ‘चर्मांक’ असे आहे. प्राकृतात ‘धर्म’चे ‘धम्म’ होते, त्याच नियमाने ‘चर्म’चे ‘चम्म’ झाले. ताम्रपट त्याच गावात मिळाल्यामुळे ही ओळख दुहेरी पक्की होते.

वस्तू कोठे सापडली, यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून दिलेला एक ताम्रपट पुण्यात मिळाला! तुमच्याच तालुक्यातील अडम येथे ‘अस्सकजनपद’ असा उल्लेख असलेली मातीची मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा ठसा, मिळाली आहे. अस्सक म्हणजे अश्मक, आणि जनपद म्हणजे प्राचीन राज्य. त्याचे स्थान परंपरेने गोदावरीच्या खोऱ्यात मानले जाते. मग अडम त्या जनपदात होते, की मुद्रा मालाबरोबर तेथवर आली? मुद्रा मुठीत मावते, तेव्हा तिच्या एकटीच्या आधारे मी जनपदाची सीमा आखणार नाही.

तुमच्या हातून होण्याजोगे काम शब्दांचे आहे. गावात पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, जागा कोठे आहे, जुन्या नोंदींत जवळपास कोणकोणत्या मौजा ‘रिठी’, म्हणजे ओसाड, म्हणून दाखवल्या आहेत, वावरांना, नाल्यांना, बोड्यांना (लहान तळ्यांना) आणि धुऱ्यांवरच्या (शेताच्या बांधांवरच्या) देवांना लोक काय म्हणतात, हे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून जसे ऐकू येईल तसे, झाडीबोलीतला (पूर्व विदर्भातल्या बोलीतला) उच्चार न सुधारता लिहून घ्यावे. गोंडी नावांचा अर्थ घरात गोंडी बोलणाऱ्यालाच विचारावा. वर्तुळे मोजून छायाचित्रे काढावीत, पण एकही दगड हलवू नये. वर्तुळात फावडे घातले की कोणती वस्तू कोणत्या थरात होती हा पुरावा कायमचा जातो. नांगरताना नाणी किंवा तांब्याचे पत्रे वर आले, तर १८७८ च्या निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायद्यानुसार, किंमत दहा रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पत्रे चिंचेने घासून चकचकीत करू नयेत. त्या घासण्यात अक्षरेही झिजतात.